खोक्यांतला इतिहास : तैवानमधील अमेरिकी सैनिकांच्या स्मृती

तुलनात्मक साहित्याच्या तासाला आम्ही ह्वांग चुन-मिंग या तैवानी कथाकाराची ‘सफरचंदाची चव’ ही १९७२ सालची कथा इंग्रजी अनुवादावरून शिकवीत होतो. पहाटे सायकलवरून कामाला निघालेल्या एका मजुराला अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याची मोटार धडकते. त्याचे पाय मोडतात. एरवी ज्या इमारतीच्या फाटकातही त्याला कोणी उभे केले नसते, त्या पांढऱ्याशुभ्र अमेरिकी रुग्णालयात त्याला नेले जाते. अधिकारी नुकसानभरपाई देतो, मजुराच्या मुक्या मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवण्याची तयारी दाखवतो. आणि सफरचंद कधीही न चाखलेले ते कुटुंब खाटेभोवती बसून सफरचंदे खाऊ लागते. अपघात हेच भाग्य ठरावे, हा या कथेतला जीवघेणा उपरोध. आम्ही त्या उपरोधाच्या विश्लेषणात रंगलो असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, तैपेईत अमेरिकन सैन्याचं हॉस्पिटल आलंच कुठून?”

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. कथेचे रूप उलगडून दाखवण्याची आमची तयारी होती, पण कथा ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन आमच्या परिचयाची नव्हती. पुढे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की ही विस्मृती केवळ आमची नाही. ज्या दोन देशांचा हा इतिहास आहे, त्या दोघांनीही तो दीर्घकाळ अडगळीत टाकला होता.

इतिहास थोडक्यात असा. १९४९ साली चीनमधील यादवी युद्धात हार पत्करून च्यांग कै-शेक यांचे सरकार तैवानमध्ये आले. १९५०च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटताच राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आपले सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत धाडले. १ मे १९५१ रोजी मेजर जनरल विल्यम चेस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी लष्करी सल्लागार मंडळ तैपेईत स्थापन झाले. डिसेंबर १९५४मध्ये परस्पर संरक्षण करार झाला आणि १९५५ साली अमेरिकेच्या तैवान संरक्षण कमांडची उभारणी झाली. त्यानंतर पाव शतक तैवानमध्ये अमेरिकी सैनिक नांदले. नांदले हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, कारण त्यांतले पुष्कळ जण बायकामुलांसह आले होते. त्यांच्यासाठी घरे, शाळा, क्लब, दवाखाने उभे राहिले. त्यांच्यासाठी चालणाऱ्या इंग्रजी रेडिओवरून अमेरिकी गाणी तैवानी तरुणांच्याही कानांवर पडू लागली. त्या विद्यार्थिनीला हवे होते ते उत्तर हे होते. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने चीनच्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली, २६ एप्रिलला कमांडचा ध्वज उतरला आणि मे महिन्याच्या आरंभी शेवटचे सैनिक बेट सोडून गेले. वर्षभराच्या पूर्वसूचनेची मुदत संपताच संरक्षण करारही संपला.

आता अशा सेवेचे स्मारक कसे उभारायचे? कोरियात युद्ध झाले, व्हिएतनाममध्ये युद्ध झाले. तैवानमध्ये अमेरिकी सैनिकांचे काम मुख्यतः युद्ध होऊ न देण्याचे होते, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुतळा उभारता येत नाही. जीवितहानी झालीच नाही असे मात्र नव्हे. ३ सप्टेंबर १९५४ रोजी चीनच्या मुख्य भूमीवरून किनमेन बेटावर (तेव्हा जग त्याला क्वेमॉय म्हणून ओळखे) झालेल्या तोफमाऱ्यात मेडेनडॉर्प आणि लिन हे दोन अमेरिकी लेफ्टनंट कर्नल ठार झाले; त्यांचे स्मारक त्या बेटावर आहे. १९५८च्या ऑगस्टमध्ये सामुद्रधुनीत दुसरा पेच उद्भवला, त्या काळात तेथे असलेल्यांना मोहिमेचे पदकही मिळाले. पण ती मुदत संपल्यानंतर तैपेईतल्या कचेरीत टंकलेखन करणारा, ताइचुंगजवळच्या चिंग च्वान कांग तळावर व्हिएतनामकडे रसद नेणाऱ्या सी-१३० विमानांची दुरुस्ती करणारा, लिन्कौच्या पठारावर कानाला यंत्र लावून चीनचे बिनतारी संदेश टिपणारा सैनिक घरी परतला तेव्हा सांगण्यासारखे त्याच्याजवळ काय होते? संदेश टिपणाऱ्याला तर सांगण्याची मुभाच नव्हती.

त्यात १२ जुलै १९७३ची आग. अमेरिकेतील सेंट लुइसजवळ निवृत्त सैनिकांच्या सेवापुस्तकांचे राष्ट्रीय भांडार आहे. त्याच्या वरच्या मजल्याला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. १९४७ ते १९६३ या काळात हवाई दल सोडलेल्यांपैकी आडनावांच्या वर्णानुक्रमात एका विशिष्ट नावापुढे येणाऱ्यांच्या सुमारे ७५ टक्के गेल्या. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही नव्हते. वाचकांनी या तारखा तैवानच्या इतिहासावर ठेवून पाहाव्यात. १९५०च्या दशकात सल्लागार मंडळात काम करून सैन्य सोडलेल्या पिढीचा मोठा भाग या राखेत आहे. अशा माणसाला आपण तैवानमध्ये होतो हे सिद्ध करायचे असेल, तर बदलीच्या हुकुमाची त्याच्याकडे उरलेली कार्बन प्रत, ओळखपत्र, घरी धाडलेली पत्रे हाच त्याचा पुरावा. आपण ज्याला स्मृतिचिन्ह म्हणून हसतो, ते इथे दस्तऐवज होते. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरे मिळवीत, तेव्हा त्या रुमालांची किंमत घरच्यांनाही ठाऊक नसे.

मग या निवृत्त सैनिकांच्या खोक्यांतून निघते तरी काय? तळाची टेलिफोन पुस्तिका, क्लबाचे सभासदपत्र, पथकाचे भरतकाम केलेले बिल्ले, नाव कोरलेला लायटर, रेडिओच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक, तैपेईत स्वस्तात मिळणाऱ्या बिनपरवाना छापलेल्या ध्वनिमुद्रिका आणि पुस्तके. या चोरट्या मुद्रिकांपैकी काही लाल-नारिंगी रंगाच्या असत; आज संग्राहक त्यांच्या मागे असतात. टेलिफोन पुस्तिका वरवर नीरस वाटते, पण कोणते कार्यालय कुठे होते, कोणती तुकडी कोणाच्या हाताखाली होती, हे तिच्याइतके नेमके सांगणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल. आमच्या मते मात्र या खोक्यांतला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे रंगीत पारदर्शिका. अमेरिकी सैनिकाच्या हाती चांगला कॅमेरा आणि रंगीत फिल्म होती. त्या काळी सामान्य तैवानी कुटुंबाला ती परवडत नव्हती. शिवाय मे १९४९ ते जुलै १९८७ एवढा प्रदीर्घ काळ तैवान लष्करी कायद्याखाली होता. पूल, बंदरे, किनारे यांची छायाचित्रे घेणे धोक्याचे होते. त्यामुळे भाताची खाचरे, म्हशी, तीनचाकी सायकलरिक्षा, मंदिरासमोरची जत्रा, अजून बुजवले न गेलेले कालवे हे १९५०-६०च्या दशकांतले तैवान रंगांत पाहायचे असेल, तर पुष्कळदा ते पाहुण्याच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. आज तैवानमधील हौशी अभ्यासक एखाद्या छायाचित्रातल्या डोंगराच्या रेषेवरून, दुकानाच्या पाटीवरून जागा ओळखतात आणि ती माहिती अमेरिकेतल्या म्हाताऱ्या छायाचित्रकाराला कळवतात. आपण कुठे उभे होतो हे त्याला साठ वर्षांनी समजते.

कोडॅक्रोम जातीच्या फिल्मचे रंग अंधारात ठेवल्यास दशकानुदशके टिकतात, आणि पुठ्ठ्याच्या चौकटीवर पुष्कळदा फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष उमटलेले असते. खोके रिकामे करताना वारस नेमक्या याच चौकटी फेकून देतात. टेपांची अवस्था याहून बिकट. पण वस्तू टिकवण्यापेक्षा अधिक निकडीची बाब आहे ती माणसाची. १९७९ साली विशीत असलेला सैनिक आज पासष्टी ओलांडून गेला आहे. १९५१च्या पहिल्या तुकडीतले फारसे कोणी उरले नसणार. चित्रातली ही इमारत कोणती, हे सांगणारा गेला की चित्र नुसते सुंदर उरते.

वास्तूंची कहाणीही अशीच आहे. तैपेईचे ललित कला संग्रहालय १९८३ साली उघडले, ते संरक्षण कमांडच्या जागेवर. तेथे चित्रे पाहावयास येणाऱ्यांपैकी किती जणांना पायाखालच्या मुख्यालयाची कल्पना असेल कोण जाणे. १९७९ साली तैवानला अमेरिकेने सोडून दिल्याची भावना इतकी तीव्र होती की त्या पाहुणचाराच्या खुणा जपाव्यात असे कोणास वाटण्याचे कारणच नव्हते. रेडिओ मात्र वाचला. १६ एप्रिल १९७९ रोजी सैन्याच्या वाहिनीची जागा ‘आयसीआरटी’ या नागरी इंग्रजी वाहिनीने घेतली. यांगमिंगशानच्या डोंगरावर अमेरिकी कुटुंबांसाठी बांधलेली बैठी घरे होती. धुरांडी असलेली, कुंपणाऐवजी हिरवळीने एकमेकांस जोडलेली. तेथे नवे बांधकाम होण्याची चिन्हे दिसताच रहिवाशांनी व वास्तुप्रेमींनी आवाज उठवला आणि त्यांपैकी काही घरांना ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तिथल्याच जुन्या क्लबात २०१८पासून ध्वनिमुद्रिकांचे आणि संगीताचे प्रदर्शन आहे. तेथील वातावरण मोहक आहे यात शंका नाही. आमची शंका त्या मोहकपणाविषयीच आहे.

कारण याच यांगमिंगशानवर २० मार्च १९५७च्या रात्री सल्लागार मंडळातील सार्जंट रॉबर्ट रेनॉल्ड्स याने ल्यू त्सु-जान या तैवानी माणसाला आपल्या घरापाशी गोळ्या घालून ठार मारले. तो माझ्या पत्नीला न्हाताना चोरून पाहत होता, असे रेनॉल्ड्सचे म्हणणे. सल्लागार मंडळाचे लोक दूतावासाचेच घटक मानले जात, म्हणून तैवानी न्यायालयाला त्यांच्यावर खटला चालवता येत नव्हता. अमेरिकी लष्करी न्यायालयाने २३ मे रोजी त्याला निर्दोष सोडले. दुसऱ्या दिवशी ल्यूची विधवा फलक घेऊन दूतावासासमोर उभी राहिली; गर्दी वाढत गेली आणि तिने दूतावासाची मोडतोड केली. सैनिकांवरील अधिकारक्षेत्राचा करार व्हायला त्यानंतर १९६५ साल उजाडावे लागले.

हा फलक कोणत्याही सैनिकाच्या खोक्यात सापडणार नाही. व्हिएतनाममधून पाच दिवसांच्या सुट्टीवर तैपेईत उतरणाऱ्या जवानांसाठी जे मद्यालयांचे जग उभे राहिले, त्याचे लायटर आणि काड्यापेट्या सापडतील. तिथे काम करणाऱ्या मुलींची हकिकत नाही. जानेवारी १९५८ ते जुलै १९७४ या काळात तैवानमध्ये अमेरिकेची अण्वस्त्रे होती, हेही जगाला कळले ते गोपनीय कागद खुले झाल्यावर; ताइनानच्या तळावरची छायाचित्रे जपून ठेवणाऱ्याच्या संग्रहात ते नव्हते. हा सैनिकांचा अप्रामाणिकपणा नव्हे. माणूस आपल्या तारुण्याचे सामान बांधतो तेव्हा त्यात आवडीच्या वस्तूच जातात.

जे खोक्यात मावले नाही ते तैवानी लेखकांनी सांभाळले. छन यिंग-चन यांनी १९६७ साली ‘जूनमधील गुलाब’ या कथेत सुट्टीवर आलेला कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक आणि मद्यालयातील मुलगी यांना समोरासमोर आणले. दोघेही आपापल्या समाजाच्या तळाशी ढकललेले. ह्वांग यांच्या ‘छोट्या विधवा’ (१९७५) या कथेत अमेरिकेत विक्रीशास्त्र शिकून आलेला गृहस्थ मद्यालयातील मुलींना जुन्या वळणाचा पेहराव चढवून सैनिकांपुढे ‘विधवा’ म्हणून मांडतो. वांग चन-हो यांच्या ‘गुलाबा, गुलाबा, तू मला प्रिय’ (१९८४) या कादंबरीत ह्वालिएन शहरात अमेरिकी सैनिक यायचे म्हणून इंग्रजीचा एक शिक्षक वेश्यांचा वर्ग चालवतो आणि सारे शहर त्या तयारीत झिंगते. हा विनोद वाचताना आम्हां अध्यापकांना थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे. पण या कृतींनाही दस्तऐवज म्हणून खोक्यांशेजारी ठेवायचे तर जपूनच. ‘सफरचंदाची चव’मधला कर्नल खलनायक नाही, तो खरोखरच ओशाळलेला आहे. नुसत्या अमेरिकाविरोधाने ती कथा वाचणारा आणि नुसत्या गतरम्यतेने क्लबातली मुद्रिका ऐकणारा, दोघेही सारखेच अर्धे ऐकतात.

म्हणून स्मृतिचिन्हे गोळा करणाऱ्यांकडून आमची अपेक्षा वस्तूंपेक्षा प्रश्नांची आहे. या कुटुंबांच्या घरोघरी स्वयंपाक आणि मुले सांभाळणाऱ्या तैवानी बाया असत. ‘आमा’ म्हणत त्यांना. गोऱ्या मुलाला कडेवर घेतलेली आमा पुष्कळ छायाचित्रांत दिसते. पाठीमागे मुलाचे नाव, वय, तारीख काळजीपूर्वक लिहिलेली असते आणि तिच्यासाठी तेवढाच एक शब्द, आमा. छायाचित्र घेणारा म्हातारा अद्याप हयात असेल तर तिचे नाव त्याला बहुधा आठवत असते. कडेवरचे ते मूलही आज साठीत असेल. त्यालाही विचारता येईल. ती कोणत्या गावाहून येई, तिला महिना किती मिळे, १९७९नंतर तिचे काय झाले, एवढे तरी विचारून पेन्सिलीने त्याच चौकटीवर लिहून घ्यावे.