‘आला’ की ‘आणला’? सहायक प्रशिक्षकाचा इतिहास कसा शोधायचा

संशोधनाचा विषय निवडताना आपली नजर आधी मोठ्या नावावर जाते. क्रीडा-इतिहासात तर हमखास. आज मी तुम्हाला उलट्या बाजूने बघायला सांगणार आहे. खेळाडू बाजूला ठेवा आणि त्याला शोधून पुढे पाठवणाऱ्या माणसाकडे बघा.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक हे पद असतं. सराव घेणं हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे गावोगावच्या शाळांचे सामने बघत फिरायचं, चांगला मुलगा हेरायचा, त्याच्या आईवडिलांशी बोलायचं आणि शिष्यवृत्तीवर त्याला आपल्या कॉलेजात आणायचं. तिकडे याला ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. मुलाला कधी भेटायचं, किती वेळा भेटायचं याचे लेखी नियम आहेत. नियम आहेत म्हणून नोंदी आहेत आणि नोंदी आहेत म्हणून अभ्यासही होतो.

आपल्याकडे हेच काम झालं, पण पद नव्हतं. क्लबचा चिटणीस, शाळेचा क्रीडाशिक्षक, कंपनीच्या संघाचा व्यवस्थापक यांच्यात ते वाटलं गेलं. रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रमात जायला सांगितलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण त्याला ‘गुरुकृपा’ म्हणतो. संशोधकाच्या भाषेत ते रिक्रूटिंगच आहे. शब्द बदलला की विचारायचे प्रश्न बदलतात, हे लक्षात ठेवा.

उदाहरण नगर जिल्ह्यातलं

झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. नगर जिल्ह्याचा हा उत्तर भाग उसाचा आणि साखर कारखान्यांचा. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, जवळच लोणीलाही निघालं. नोकरदार घरातल्या हुशार मुलाने इंजिनिअर व्हायचं, ही त्या काळातली सरळ वाट होती. झहीरही त्याच वाटेवर होता. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला, इंजिनिअरिंग मागे पडलं आणि तो नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळू लागला. तिथे त्याला घडवणारे होते सुधीर नाईक.

नाईकांची कारकीर्द आकड्यांत बघितली तर छोटी आहे. ३ कसोटी, २ एकदिवसीय सामने, सगळे १९७४-७५ च्या आसपासचे. इंग्लंडविरुद्ध एजबॅस्टनला पदार्पणात दुसऱ्या डावात ७७ धावा. १९७०-७१ मध्ये गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असताना नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. म्हणजे मोठी नावं नसताना, हाताशी असलेल्या मुलांकडून काम करून घेणं त्यांना खेळाडू असल्यापासूनच जमत होतं. ५ एप्रिल २०२३ ला ते गेले.

एका क्रियापदाचा प्रश्न

आता नीट बघा. नाईक गेले तेव्हाच्या बातम्यांमध्ये एक वाक्य आलं, की झहीरला स्पर्धात्मक क्रिकेटसाठी त्यांनी मुंबईत आणलं. झहीरच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत मात्र वडील मुलाला घेऊन मुंबईला आले असं असतं. फरक एका क्रियापदाचा, पण त्यावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

‘आणलं’ म्हटलं की श्रेय प्रशिक्षकाचं, आणि गावातली माणसं फक्त ‘हिरा सापडण्याची जागा’ उरतात. ‘आले’ म्हटलं की घराने घेतलेली जोखीम पुढे येते, पण क्लबचं दार कोणी उघडलं हे पुसलं जातं. यात खरं-खोटं ठरवायची घाई करू नका. मृत्युलेख गेलेल्या माणसाला मोठं करण्यासाठी लिहिला जातो, यशोगाथा घराला मोठं करण्यासाठी सांगितली जाते. साधन कशासाठी तयार झालं हे आधी बघायचं. मग क्रियापद फोडायचं: निर्णय कोणाचा? खर्च कोणाचा? राहायची सोय कोणाची? पहिल्या सामन्यात संघात नाव कोणी घातलं? या चार प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा चार वेगळ्या माणसांकडे जातात.

पुढचा दुवा

साखळी नाईकांपाशी संपत नाही. पुरुषोत्तम शील्डच्या अंतिम सामन्यात शिवाजी पार्क जिमखान्याविरुद्ध झहीरने ७ बळी घेतले. मग टी. ए. शेखर यांनी त्याला हेरून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेलं. ही संस्था १९८७ ची. तिच्याशी जोडलेलं मोठं नाव डेनिस लिलींचं. लिली ऑस्ट्रेलियातून ठरावीक काळासाठी यायचे; वर्षभर मुलांकडे बघणारे शेखर. स्वतः शेखर २ कसोटी आणि ४ एकदिवसीय सामने खेळलेले. अमेरिकेतल्या सहायक प्रशिक्षकाच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा माणूस कोण, असं विचारलंत तर मी शेखर यांचं नाव घेईन. ‘लिलींचा शिष्य’ हा शब्दप्रयोग पेपरात दिसला की तिथे थांबा आणि विचारा, रोज सकाळी मैदानावर कोण होतं?

झहीरचं रणजी पदार्पण झालं ते १९९९-२००० मध्ये बडोद्याकडून. २००० च्या ऑक्टोबरमध्ये तो नैरोबीत भारताकडून खेळला, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात पहिली कसोटी. २००६-०७ मध्ये तो मुंबईकडून रणजी अंतिम सामना खेळला. कारकिर्दीच्या शेवटी ९२ कसोटींत ३११ बळी.

या प्रवासात एक नाव कुठेच नाही: महाराष्ट्राचा संघ. क्रिकेटच्या नकाशात आपल्या राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. नगर जिल्हा येतो पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत. म्हणजे श्रीरामपूरचा मुलगा नियमाने ‘महाराष्ट्रा’चा, पण त्याची वाट मुंबई, चेन्नई, बडोदा अशी गेली. तुम्ही फक्त एकाच संघटनेचं दप्तर चाळलंत तर या मुलाची निम्मी कहाणी तुमच्या हाताला लागणारच नाही.

तुलनेसाठी अजिंक्य रहाणे घ्या. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, पण तो वाढला डोंबिवलीत आणि पुढे प्रवीण आमरे यांच्याकडे शिकला. दोघंही ‘नगर जिल्ह्याचे खेळाडू’ या एकाच यादीत बसतात, पण प्रक्रिया वेगळी आहे. एका ठिकाणी स्थलांतर आधी, क्रिकेट नंतर. दुसऱ्या ठिकाणी क्रिकेटमुळे मुलगा शहरात टिकला. यादी म्हणजे विश्लेषण नव्हे, हे मी नव्या संशोधकांना परत परत सांगतो ते यासाठीच.

नोंदीत रकाना नसतो तेव्हा

२ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. झहीरने पहिली तीन षटकं निर्धाव टाकली. धावफलकात त्याचे आकडे आहेत: १० षटकं, ३ निर्धाव, ६० धावा, २ बळी. त्या दिवशीची खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर होते सुधीर नाईक. धावफलकात त्यासाठी रकानाच नाही. नोंद ठेवणाऱ्याची यात काही चूक नाही. नोंद कशासाठी ठेवली जाते, त्यावर तिचे रकाने ठरतात. आपलं काम एवढंच, की रकाना नाही म्हणून माणूसही नव्हता असं समजायचं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

तुमच्या तालुक्यातला एक खेळाडू आणि कोणताही एक खेळ घ्या. आधी शाळा आणि क्लबचे स्मृतिग्रंथ, वार्षिक अहवाल, जुन्या सामन्यांची पत्रकं बघा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण जुनी कागदपत्रं अहमदनगर, नगर अशा नावांनी लावलेली असतात. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा बेलापूर आहे. सगळ्या नावांनी शोधा.

मग मुलाखती. त्या खेळाडूपासून सुरू करू नका, त्याने त्याची गोष्ट शंभरदा सांगितलेली असते आणि ती गुळगुळीत झालेली असते. आधी स्कोअरर, मैदानाचा माणूस, बरोबरचा पण पुढे न गेलेला मुलगा यांना भेटा. ‘प्रशिक्षक कसे होते?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. ‘पहिली किट कोणाची होती? एसटीचं तिकीट कोणी काढलं?’ असं विचारा.

आणि घाई करा. खेळाडूंचे आकडे पन्नास वर्षांनीही मिळतील. १९९० च्या दशकात मैदानांवर मुलं हेरत उभी असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांचं बरंचसं दप्तर त्यांच्या डोक्यातच आहे.