मन्सूर, मल्लिकार्जुन
(३१ डिसेंबर १९१० – १२ सप्टेंबर १९९२). हिंदुस्थानी ख्यालगायक आणि कन्नड वचनांचे स्वररचनाकार. जन्म धारवाडजवळील मन्सूर गावी. आधी नाटकमंडळीत बालनट. कर्नाटक संगीताचे धडे अप्पय्या स्वामींकडे. पुढे मिरजेत नीलकंठबुवांकडून ग्वाल्हेर गायकी मिळाली. ही तालीम थेट ग्वाल्हेरशी भिडते : नीलकंठबुवांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती विद्या दक्षिणेत आणली. नंतर अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची तालीम झाली. श्रोत्यांना मन्सूर आठवतात ते मुख्यतः याच, अनवट रागांच्या गायकीने.

बाराव्या शतकातील बसवेश्वर, अक्कमहादेवी आदी शिवशरणांची (शिवभक्त संतांची) वचने म्हणजे छंदाचे बंधन नसलेले, गद्याकडे झुकणारे काव्य. समान चरण नसल्याने त्यांना ठरीव चाल बसत नाही. मन्सूरांनी ती रागात बांधताना ओळीच्या लांबीनुसार स्वरवाक्य लहानमोठे ठेवले. तानांचा सोस टाळून शब्द स्पष्ट राखला. ख्यालाच्या मैफलीत वचनाला त्यांनी मानाची जागा दिली. ‘नन्न रसयात्रे’ हे त्यांचे कन्नड आत्मचरित्र. पद्मश्री (१९७०), पद्मभूषण (१९७६), पद्मविभूषण (१९९२) हे सन्मान त्यांना लाभले. धारवाड येथे निधन.