अनामिकेचा कज्जा

एका साप्ताहिकाच्या शब्दकोड्यात काही वर्षांपूर्वी 'विरोधाभासाचे उदाहरण, चार अक्षरे' अशी आडवी सूचना आली आणि पुढील अंकात तिचे उत्तर 'अनामिका' असे छापले गेले, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या बाकावर दोन तट पडले. जिला नाव नाही असे जिचे नावच सांगते त्या बोटाहून मोठा विरोधाभास कोणता, असे एक तट म्हणे. तर ही शब्दाची गंमत खरी, पण अलंकार नव्हे, असा दुसऱ्याचा दावा होता.

हा कज्जा वाटतो तितका अर्वाचीन नाही. अकराव्या शतकात काश्मिरात 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटाने विरोधाचे लक्षण बांधताना अशी अट घातली की, वस्तुतः विरोध नसताना तो असल्यासारखे बोलले गेले पाहिजे. आणि जाती, गुण, क्रिया व द्रव्य यांच्या परस्पर जोड्या लावून त्याने त्याचे 10 प्रकार मोजून दाखविले. ऐकताक्षणी बुद्धी अडखळावी आणि लगेच श्लेषाने वा लक्षणेने त्या विरोधाचा परिहार व्हावा, हे त्यातील मर्म. परिहार झाला नाही, तर तेच वाक्य अलंकाराच्या दरबारातून नैयायिकांच्या कचेरीत जाते आणि 'माझी आई वंध्या' या ठरीव दाखल्याशेजारी वदतोव्याघात म्हणून नोंदले जाते. 'बोलके मौन' या कसोटीस उतरते, कारण तेथे दोन पदे समोरासमोर उभी राहून भांडतात आणि अर्थ कळताच भांडण मिटते. 'अनामिका'त भांडायला दुसरे पदच नाही. शब्दाचा योगार्थ आणि त्याची रूढी यांच्यातला तो घरगुती बेबनाव आहे. ग्रीकांचा 'ऑक्सिमोरॉन' हा शब्दही 'तीक्ष्ण' आणि 'मठ्ठ' यांच्या सांध्यातून झालेला, म्हणजे स्वतःच स्वतःचे उदाहरण. तेथेही दोन लागतातच. सबब माझे मत दुसऱ्या तटाकडे.

कोड्यांना मात्र शास्त्रकारांनी एवढा मान कधी दिला नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे 16 प्रकार सांगितले खरे, पण तिचा उपयोग क्रीडागोष्ठी, गर्दीतली गुप्त मसलत आणि दुसऱ्याची फजिती एवढ्यापुरताच मानला; चौदाव्या शतकातील विश्वनाथाने तर रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांच्या यादीतूनच खारीज केले. ज्ञानदेवांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कूट अभंगात, जे गाव वसतच नाही तेथे कुंभार राहायला येतात; त्या विरोधाचा परिहार अध्यात्मात आहे, आणि तो ज्याला सापडत नाही त्यालाही चालीवर डोलता येते.

चौकटींचे कोडे ही निराळी चीज. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन याने 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या पत्रात ते प्रथम छापले, आणि पुढे मुंबई इलाख्यात त्याचा धंदा झाला. बक्षिसी कोड्यांतली सूचना अशी बेतलेली असे की रिकाम्या घरात दोन शब्द सारखेच शोभावेत. कोणता अधिक समर्पक हे संयोजक ठरवीत, आणि ज्याचे उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळे तो बक्षिसाचा धनी. परिहाराची जागा अशा रीतीने मेहेरबानीने घेतली. मुंबई सरकारने 1948 साली नियंत्रणाचा व कराचा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' पत्रातून अशी कोडी चालविणाऱ्या चमारबागवाला यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. पण 9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा फिरविला आणि, ज्यात यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून नाही ते कोडे म्हणजे जुगार आणि जुगार हा व्यापार नव्हे, असे ठरविले. त्यापूर्वीच 1955 च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांची एकूण बक्षिसे महिन्याला 1000 रुपयांवर आणि प्रवेशिका 2000 वर आणून ठेवल्या होत्या. लाखांच्या बक्षिसाला चटावलेल्या मंडळींनी साहजिकच पेन्सिली खाली ठेवल्या.

आमच्या अनामिकेच्या कोड्याला बक्षीस नव्हते. तक्रारीचे पत्र मात्र आम्ही पाठविले होते. साप्ताहिकाने ते छापले नाही, आणि दुसऱ्या तटाच्या पुढाऱ्याने त्या रविवारपासून कोड्याचे पान उघडणे सोडून दिले.