हिंजवडीचा कप आणि तळेगांवची भट्टी

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस हिंजवडीस घेऊन गेला. मुळशी तालुक्यांतील हें एके काळचें शेतकरी गांव आतां संगणकाच्या कचेऱ्यांसाठीं देशभर ठाऊक झालें आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्काच्या काचेच्या इमारतींत हजारों तरुण सकाळीं शिरतात, रात्रीं बाहेर पडतात, आणि जातां येतां वाहतुकीस दोष देतात. दुपारीं आम्ही एका कॉफीगृहांत बसलों. अशा गृहांच्या मालिका आतां शहरोशहरीं झाल्या असून तेथें कॉफीबरोबर कप, बाटल्या, थैल्या असाही माल विकावयास मांडलेला असतो. मांडणीवर एक कप होता. त्यावर शनिवारवाड्याचें चित्र व खालीं पुण्याचें नांव. आमच्या शिष्यास तो परदेशांतील एका मित्रास पाठवावयाचा होता. किंमत हजार रुपयांच्या वर होती, पण तिची त्यास फिकीर नव्हती. त्यानें कप उलटा करून बुडाशीं पाहिलें, तों तेथें दुसऱ्याच एका देशाचें नांव.

"आपल्याकडे तयार झालेला एखादा नाहीं का?" त्यानें काउंटरवरच्या मुलीस विचारलें.

"बरेच जण विचारतात, सर," ती म्हणाली, "पण वरून येतो तोच माल आम्ही ठेवतों."

कप जागच्या जागीं गेला. गाडींत बसल्यावर शिष्य म्हणाला, "सर, इतके लोक विचारतात, तर इथं करून घ्यायला काय हरकत आहे? मागणी तर आहे!" त्या वेळीं आम्हांस नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून जें सुचलें, त्याचा मोठा भाग हिंजवडीपासून सहासात कोसांवर, तळेगांव दाभाडे येथें घडलेला आहे.

ही मागणी पुणें प्रांतांत नवी नव्हे. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं शतपत्रें लिहिलीं, त्यांतच परदेशी माल सोडून आपल्या देशांतला, मग तो जाडाभरडा कां असेना, वापरावा असा उपदेश आहे. उपदेशाचें व्रत केलें तें गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनीं. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि पुढें दोनच वर्षांत काकांनीं हातच्या सुताचें कापड वापरण्याची शपथ घेतली. १८७७ च्या दिल्ली दरबारास भरजरी पोषाखांच्या गर्दींत हा वकील सभेचा प्रतिनिधि म्हणून खादीच्या वेषांत जाऊन बसला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. काका नुसते व्रतस्थ नव्हते, त्यांना दुकानही कळत होतें. देशी मालाचा व्यापार वाढावा म्हणून त्यांनीं मंडळी काढली, दुकानें उघडविलीं. ज्याला देशी वस्तु हवी त्याला ती मिळण्याची जागा तरी असावी, हा त्यांचा सरळ विचार होता. परंतु दुकान झालें तरी तें करणाऱ्यानें केलेलाच माल विकणार. कापड विणणारे कोष्टी होते, म्हणून कापड मिळालें. ज्या वस्तु करणारा हातच देशांत उरला नव्हता किंवा कधीं तयारच झाला नव्हता, त्या वस्तूंसाठीं दुकानदारानें काय करावें?

येथें कपाच्या बुडावरील अक्षरांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्यांची जन्मकथा मोठी मौजेची आहे. मालावर उगमदेशाचें नांव छापण्याची सक्ति मुळांत दुबळ्या देशांनीं केलेली नाहीं, ती बलाढ्य इंग्लंडनें केली. जर्मन कारखानदार आपल्या सुऱ्याकात्र्यांवर इंग्रजी गांवांचीं नांवें घालून विकतात, या तक्रारीवरून १८८७ सालीं पार्लमेंटानें मालखुणांचा कायदा केला, आणि परक्या मालावर इंग्रजी वाटेल अशी खूण असेल, तर तो कोठें झाला हेंही लिहिलें पाहिजे असें ठरविलें. दोन वर्षांनीं त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानांत झाला. इंग्रज गिऱ्हाइकानें 'जर्मनींत केलेला' हे शब्द वाचून माल खालीं ठेवावा, असा हेतु. घडलें उलटें. माल चांगला व स्वस्त निघाला, आणि तेच शब्द जर्मनांची फुकटची जाहिरात होऊन बसले. १८९६ सालीं तर याच नांवाचें एक पुस्तक लंडनांत निघून फार गाजलें. म्हणजे बुडाशीं काय लिहिलें आहे हें वाचण्याची संवय गिऱ्हाइकास लागली तरी हातांतील वस्तु त्या संवयीवर मात करूं शकते, हें सव्वाशें वर्षांपूर्वींच दिसून आलें होतें. आपल्याकडे आज आयात केलेल्या वेष्टित मालावर उगमदेश लिहिणें २०११ च्या नियमांप्रमाणें बंधनकारक आहे, आणि हिंजवडीचा आमचा शिष्य तो वाचतो, हें चांगलेंच आहे.

१८९६ हें वर्ष आमच्याकडेही निराळ्या कारणानें लक्षांत राहिलें. त्या वर्षीं सरकारनें विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि मँचेस्टरची समजूत घालण्यासाठीं इकडच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसविला. टिळकांनीं 'केसरी'तून विलायती कापड न घेण्याची चळवळ उठविली. पुढें बंगालची फाळणी झाली, आणि १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास परदेशी कपड्यांची होळी पेटली. तींत पुढाकार घेणाऱ्या फर्ग्युसन कॉलेजच्या एका विद्यार्थ्यास, विनायक दामोदर सावरकर यांस, दहा रुपये दंड झाला. या होळीचें वर्णन शाळेच्या पुस्तकांतून इतकें झालें आहे कीं तें येथें पुन्हां करीत नाहीं. तिनें मनें पेटविलीं हें खरें, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं कंदिलाची काच फुटली तर ती ऑस्ट्रियाची किंवा बेल्जमचीच आणावी लागे, हेंही तितकेंच खरें. बांगड्या बोहेमियाच्या, चिमण्या जर्मनीच्या, बाटल्या जेथून स्वस्त मिळतील तेथल्या! त्याच वर्षीं काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष या नात्यानें गोखल्यांनीं स्वदेशी आणि बहिष्कार या दोन वस्तु निराळ्या आहेत असें बजावलें, तेव्हां पुष्कळांस तें मवाळपणाचें लक्षण वाटलें. आम्हांसही तरुणपणीं तसेंच वाटे. आतां तसें वाटत नाहीं.

अंताजी दामोदर काळे हें नांव आज किती घरांत ठाऊक असेल याची शंका आहे. त्यांच्या डोक्यांत एक कल्पना आली, ती इतकी साधी कीं प्रथम ऐकणाऱ्यास हसूं यावें. प्रत्येक माणसानें वर्षाकांठीं एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशांत उद्योगधंदे निघावेत. हा जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. श्रीमंतांकडून हजारांच्या देणग्या मागण्याचा मार्ग सर्वांना माहीत होता, तो काळ्यांनीं टाकला. टिळकांनीं या पैसा फंडास आपलें पाठबळ दिलें, स्वयंसेवकांनीं पैसा पैसा गोळा केला, आणि १९०८ सालीं तळेगांवास पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीं जुलैंत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. तळेगांवासच विजापूरकरांचें समर्थ विद्यालय होतें, तें सरकारनें १९१० सालीं बंद केलें. काचेची भट्टी मात्र विझली नाहीं.

कारखाना चालविण्यास ईश्वरदास वार्ष्णेय आले. ते संयुक्त प्रांतांतले, जपान व अमेरिका येथें हा धंदा शिकून आलेले. काच करणें म्हणजे वाळू, सोडा आणि चुना वितळविणें, असें पुस्तकांत एका ओळींत येतें. पण वाळूंत लोखंडाचा अंश असला कीं काच हिरवट होते, मूस तडकली कीं रात्रभराचें जळण वायां जातें, आणि भट्टी थंड झाली तर पुन्हां तापविण्यास दिवस लागतात. याहून अवघड काम फुंकणाऱ्याचें. नळीच्या टोंकावर मधासारखा लोंबणारा लाल गोळा घ्यावा, तो फिरवीत राहावा, आणि फुंकर अशी घालावी कीं चिमणीची जाडी सगळीकडे सारखी यावी. एके बाजूस जाड झाली तर दिवा तापतांच ती तडकणार. हें ज्ञान पुस्तकानें येत नाहीं, परदेशांतून पेट्यांत भरून आणतां येत नाहीं, आणि गिऱ्हाइकानें काउंटरवर कितीही आर्जवानें मागितलें तरी तेथें मिळत नाहीं. तें वर्षानुवर्षें माल फोडून येतें, आणि त्या फुटलेल्या मालाची किंमत कोणीतरी सोसावी लागते. पैसा फंडानें ती सोसली. आमच्या मतें हेंच त्या फंडाचें खरें काम.

काळ्यांच्या फंडाचा डोळा नुसत्या नफ्यावर नव्हता, तर माणसें शिकविण्यावर होता. तळेगांवास तयार झालेले कारागीर पुढें इतर कारखान्यांत पसरले. वार्ष्णेय स्वतः पुढें संयुक्त प्रांतांत गेले व तेथें बहजोईस त्यांनीं काचेचा कारखाना उभारला. १९१४ च्या महायुद्धानें ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल एकाएकीं थांबला, तेव्हां देशी काचेस मागणी अशी आली कीं तशी कोणत्याही व्याख्यानानें आली नव्हती. ती मागणी थोडीफार तरी पुरवूं शकणारे हात त्या वेळीं देशांत होते, याचें कांहीं श्रेय तळेगांवास जातें. बरीचशी बाजारपेठ अर्थात् जपाननें पटकावली. १९१६ सालीं औंध संस्थानांत ओगलेवाडीस ओगले बंधूंचा कारखाना निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील पुढें महाराष्ट्रांत खेडोपाडीं गेला. आमच्या आजोळीं माळ्यावर असा एक कंदील होता. आजी तो कधीं 'स्वदेशी' म्हणून दाखवीत नसे. चांगला जळतो, म्हणून ठेवला होता.

स्वदेशीचे अभिमानी येथें एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. तळेगांवच्या काचेंतला सोडा त्या काळीं परदेशांतून येई. मग ती काच देशी कीं विदेशी? १९०५ सालच्या पुष्कळ 'देशी' धोतरांतील बारीक सूत विलायती होतें. वस्तु पूर्णपणें एका देशाची असावी हा आग्रह धरला तर भट्टी पेटवितांच येणार नाहीं. आम्हांस वाटतें, कसब कोणाच्या हातीं राहिलें हा एकच प्रश्न विचारावा. बाकी हिशेब जकातखात्यानें करावा.

आतां कॉफीकडे येऊं. हिंजवडीच्या मांडणीवरचा कप परदेशी होता, पण अशा गृहांतून मिळणारी कॉफी बहुधा आपलीच असते. चिकमगळूरच्या मळ्यांतील बी घेऊन कॅफे कॉफी डेची मालिका १९९६ सालीं बंगळूरास निघाली. स्टारबक्सनें २०१२ सालीं टाटांशीं भागी करून मुंबईस पहिलें गृह उघडलें, तेंही टाटांच्या मळ्यांतील कॉफीवर. याच्या फार आधीं, १९३६ सालीं, मुंबईस चर्चगेटजवळ पहिलें इंडिया कॉफी हाउस निघालें, आणि तें काढलें कॉफीच्या उत्पन्नावर बसविलेल्या कराच्या समितीनें. मंदीच्या दिवसांत परदेशीं भाव पडला होता, मळेवाल्यांस गिऱ्हाईक हवें होतें, म्हणून चहाबाज लोकांस कॉफीची गोडी लावण्याकरितां तीं गृहें निघालीं. पुढें १९५७ पासून कामगारांनीं सहकारी मंडळ्या करून तीं आपल्या हातांत घेतलीं. म्हणजे कॉफीगृहांच्या आमच्या पहिल्या मालिकेंत देशी मालाची मागणी गिऱ्हाइकानें केलीच नव्हती. ती पिकविणाऱ्यानें निर्माण केली. पीक आधीं, चव मागाहून.

आणि अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही हाच प्रश्न उठला, हें वाचून आमच्या शिष्यास नवल वाटलें. ओहायो प्रांतांत ईस्ट लिव्हरपूल म्हणून गांव आहे. १८३९ सालीं एक इंग्रज कुंभार तेथें येऊन बसला, आणि पुढें तें गांव देशांतील कप-बशांचें माहेरघर झालें. मग परदेशी माल आला, आणि भट्ट्या एकेक करून विझल्या. २०१२ सालीं स्टारबक्सनें आपल्या देशांत रोजगार वाढविण्याच्या मोहिमेंत अमेरिकेंत केलेला कप विकावयाचें ठरविलें, आणि तो ईस्ट लिव्हरपूलच्या एका लहानशा कारखान्यांत करून घेतला. तो तेथें होऊं शकला, कारण साऱ्या पडझडींतून एक भट्टी व ती चालविणारीं थोडीं माणसें शिल्लक होतीं. तीं नसतीं तर सदिच्छा, पैसा आणि मागणी हीं तिन्ही असूनही कप झाला नसता.

आपल्याकडे खुर्जास आजही चिनी मातीचे कप उत्तम होतात, तेव्हां पुण्याच्या नांवाचा कप देशांत करतां येणार नाहीं असें मुळींच नाहीं. पण तसें करून घेण्यास कोणीतरी प्रथम लहान मागणी द्यावी लागेल, सुरुवातीचा वांकडा माल परत घ्यावा लागेल, आणि दोनतीन वर्षें नफ्यावर पाणी सोडावें लागेल.

हें सर्व आम्हीं शिष्यास पुढल्या भेटींत सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें, मग खिशांतून फोन काढून कांहीं आंकडेमोड केली. "सर, त्या कपाला मी हजार रुपये द्यायला निघालों होतों," तो म्हणाला. "जुन्या हिशेबानें चौसष्ट हजार पैसे झाले. म्हणजे तेवढेच रुपये जमवायला काळ्यांना चौसष्ट हजार माणसांकडे जावं लागलं असतं."

पुढच्या रविवारीं तळेगांवास जाऊं, असें त्यानेंच ठरविलें आहे.