बुरशीची दोन अपत्ये

हृदयरोग्याच्या उशाशी जी गोळ्यांची डबी असते, तिच्यात पुष्कळदा दोन गोळ्या शेजारी शेजारी नांदत असतात. घरातली माणसे एकीला ‘रक्त पातळ करण्याची’ म्हणतात आणि दुसरीला ‘कोलेस्टेरॉलची’. दोन्ही हृदयासाठीच आहेत, तेव्हा एक चुकली तरी दुसरी आहेच, असा हिशेबही कित्येक घरांत सहज मांडला जातो. हा हिशेब किती धोक्याचा आहे, हे समजण्यासाठी वैद्यकाचे ग्रंथ उघडायला नकोत. या दोघींच्या जन्मकथा पाहिल्या तरी पुरे. पहिलीचे नाव वॉरफॅरिन. दुसरी स्टॅटिन या घराण्यातली. नवल असे, की दोघींचेही मूळ बुरशीत आहे. मात्र एक नको असताना पदरी पडली, तर दुसरी सायासाने शोधून काढावी लागली.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या पठारी मुलखात गुरांवर एक चमत्कारिक संकट आले. धडधाकट जनावराची शिंगे कापावीत, तर रक्त थांबूच नये. कधी तर जखमेवाचूनच आतल्या आत रक्तस्राव होऊन जनावर दगावे. ओंटारिओतले पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी याचे मूळ वैरणीत शोधले. स्वीट क्लोव्हर नावाची, आपल्या मेथीच्या कुळातली ही वैरण ओली राहून बुरसली की विषारी होई. पण विष कोणते, ते कोणालाच सांगता येईना.

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन हा शेतकरी, हिमवादळातून सुमारे १९० मैल मोटार हाकीत मॅडिसन शहरी आला. बरोबर एक मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि शंभर पौंड बुरसलेली वैरण. शनिवारी सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती, म्हणून तो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या दारी पोचला. लिंक यांच्यापाशी त्याच्यासाठी उपाय नव्हता; ही वैरण घालू नका, एवढाच सल्ला ते देऊ शकले. पण तो कॅन त्यांना स्वस्थ बसू देईना. १९३९ साली त्यांच्या प्रयोगशाळेत त्या विषाचे शुद्ध स्फटिक हाती आले. त्याचे नाव डायकुमारॉल. पुढे आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या लिंक यांनी उंदीरनाशाच्या इतिहासाचे वाचन केले आणि याच कुळातले अधिक जहाल द्रव्य उंदरांसाठी निवडले. विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉरफॅरिन पडले आणि १९४८ साली ते उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले.

विषाचे औषध कसे झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५१ साली अमेरिकन सैन्यातल्या एका रंगरुटाने जीव देण्यासाठी हे विष घेतले. पण के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो वाचला. विषाला उतारा आहे, हे सिद्ध झाले. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच औषध देण्यात आले.

ज्या १९३३ साली कार्लसन मॅडिसनला आला, त्याच साली जपानच्या अकिता प्रांतात, एका शेतकरी घरात अकिरा एंडो यांचा जन्म झाला. पेनिसिलिनच्या कथेने भारलेला हा तरुण पुढे सांक्यो या औषध कंपनीत लागला. यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते. त्या कामातले एक विकर अडवणारे द्रव्य एखादी बुरशी बनवीत असेल, असा त्यांचा तर्क होता. १९७१ पासून दोन वर्षे त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या. अखेर १९७३ मध्ये क्योटोच्या धान्यदुकानातल्या तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीत ते सापडले. परंतु उंदरांचे कोलेस्टेरॉल काही उतरेना. १९७६ मध्ये कोंबड्यांवर गुण आला, १९७८ मध्ये ओसाकात एका तरुण रुग्णाला देऊन पाहिले, आणि १९८० साली कुत्र्यांवरील प्रयोगांतल्या शंकेने कंपनीने काम थांबवले. दरम्यान अमेरिकेतल्या मर्क कंपनीला दुसऱ्या बुरशीत सख्खे भावंड सापडले होते. तेच लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आले. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणीचा निकाल लागला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत, सुमारे पाच वर्षांच्या काळात, मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होते. एंडो यांनी हे सारे पाहिले. २०२४ साली ते निवर्तले.

आता दोघींना शेजारी बसवून पाहू. दोघी यकृतातच काम करतात आणि दोघीही एकेका विकराला अडवतात. पण वॉरफॅरिन के जीवनसत्त्वाची परतफेर रोखते, त्यामुळे गुठळी बांधणारे घटक पुरेसे तयार होत नाहीत. रक्त पातळ मुळीच होत नाही. ते गोठायला वेळ लावते, इतकेच. स्टॅटिनमुळे यकृत रक्तातले घातक कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते आणि रक्तवाहिनीत साचणारा थर वर्षानुवर्षांच्या सेवनाने आवरला जातो. पहिलीचा हिशेब दिवसांचा, दुसरीचा वर्षांचा. एक कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून पहिलीला आय.एन.आर.च्या तपासणीचा लगाम हवा. भारतात तिचेच भावंड असिनोकुमारॉल पुष्कळ वापरतात, आणि धातूची झडप बसवलेल्यांची भिस्त अजूनही याच कुळावर आहे. अशा रोग्याने पालक वा मेथी एकदम वाढवली किंवा सोडली, तरी तोल बिघडतो. स्टॅटिनला असा लगाम नको, पण स्नायू दुखू लागले तर वैद्याला सांगावे. काही स्टॅटिन तर वॉरफॅरिनचा जोर वाढवतात. तेव्हा नवी गोळी सुरू होताना आय.एन.आर. पाहून घ्यावा.

म्हणून एकीच्या ऐवजी दुसरी घेणे म्हणजे घराला कुलूप लावण्याऐवजी छप्पर शाकारणे होय. दोन्ही कामे घर राखण्याचीच, पण चोराला छप्पर अडवीत नाही आणि पावसाला कुलूप अडवीत नाही.