व्याकरण कुणाचे? परळच्या चाळीपासून आपल्या अभ्यासिकेपर्यंत



गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासिकेत एक माय आपल्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरीने शाळा सोडली होती. वर्गात उभी राहून ती धडा वाचताना ‘पानी’ म्हणाली, ‘मले’ म्हणाली, आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची नक्कल केली. एकदा नाही, रोज. शेवटी पोर म्हणाली, मी जात नाही. त्या शाळेचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. मायने ठरवले होते की पोरीला घरीच शिकवायचे, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचे. गणित शिकवायला मामा होता, इंग्रजीला अभ्यासिकेतली पोरं होती. अडले होते ते एकाच ठिकाणी. मायने विचारले, “पोरीले घरीच शिकवाचं हाये भाऊ, पन व्याकरनाचं पुस्तक कोनतं घेऊ?”

आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. प्रश्न साधा होता, पण उत्तरावरून आमच्यातच भांडण लागले. एकाने सांगितले, बाजारात मिळणारे स्पर्धा परीक्षेचे जाडे पुस्तक घ्या आणि पाठ करून घ्या. दुसरा उसळून म्हणाला, व्याकरण म्हणजेच ब्राह्मणी कावा, त्यानेच पोरगी शाळेतून हाकलली, आता तेच घरात कशाला आणता? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि दोघेही चुकत होते. का चुकत होते, ते इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही.

आधी बाबासाहेबांच्या घरात जाऊ. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब, त्यातच चूल, त्यातच अभ्यास. बाप जागा राहायचा आणि रात्री दोन वाजता पोराला अभ्यासाला उठवायचा, हे आपण सगळे जाणतो. पण तो शिकवायचा काय, हे आपण फारसे सांगत नाही. चरित्रकार सांगतात की रामजींनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. सरकारी शाळा पोराला गोणपाटावर बसवत होती, तेव्हा घरात बापाने दुसरी शाळा चालवली होती. घरी शिकवणे ही परदेशातून आलेली श्रीमंतांची हौस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही खोली आठवावी. आपल्या लोकांसाठी घर ही गरजेपोटी उभी राहिलेली शाळा होती.

मग एल्फिन्स्टन हायस्कूल. भीमरावांना आणि त्यांच्या थोरल्या बंधूंना संस्कृत घ्यायचे होते. शिक्षकाने अस्पृश्याच्या पोरांना संस्कृत शिकवायला नकार दिला. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन, आणि पुढे बी.ए.लाही इंग्रजी आणि फारसी हेच विषय राहिले. गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतायला सांगितले होते. इंग्रजी राज्यात शिसे ओतता येत नव्हते, म्हणून वर्गाचे दार लावून घेतले गेले. साधन बदलले, हेतू तोच राहिला.

यावर बाबासाहेबांनी काय केले? संस्कृत त्यांची आणि मी माझा, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. पुढे स्वतःच्या कष्टाने ते संस्कृत शिकले. शूद्र कोण होते याचा शोध घेताना त्यांनी वेद, ब्राह्मणे, स्मृती उलटून पाहिल्या आणि त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे त्यांना उत्तर दिले. त्यांनी पालीचा कोश तयार केला आणि पालीचे व्याकरणही लिहिले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा जो १६ वा खंड १९९८ साली काढला, त्यात हे दोन्ही आहे. घटनेचा मसुदा, हिंदू कोड बिल, मजूर खाते, पक्ष, कॉलेजे हे सगळे खांद्यावर असलेला माणूस विभक्ती आणि प्रत्यय मांडत बसतो, तो कशासाठी? ज्याच्या हातात व्याकरण, त्याच्या हातात अर्थ, हे त्याला ठाऊक होते म्हणून. तेव्हा ‘व्याकरण फेकून द्या’ म्हणणाऱ्या आमच्या मित्राला आमचे पहिले उत्तर हा १६ वा खंड आहे.

आता पाठांतरवाल्या मित्राकडे वळू. तो ज्याला ‘शुद्ध मराठीचे नियम’ म्हणतो, ते आभाळातून पडलेले नाहीत. विल्यम कॅरे या मिशनऱ्याने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले १८३६ साली. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. शुद्धलेखनाचे आजचे नियम तर त्याहून ताजे आहेत. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत ४ वाढवले गेले. बाईंनी ज्या नियमांसाठी पोरीची नक्कल केली, त्यांतले कित्येक तिच्या आजीपेक्षा वयाने लहान आहेत.

शाळेच्या पुस्तकात ‘शब्दांच्या आठ जाती’ असतात. हो, जातीच! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. हे आठ खाने पाणिनीचे नाहीत. पाणिनी पदांचे सुबन्त आणि तिङन्त असे दोनच प्रकार मानतो, यास्क चार मानतो. आठांचा साचा इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर घेतला गेला आणि आठ विभक्ती संस्कृताच्या धर्तीवर घेतल्या गेल्या. म्हणजे मराठीच्या अंगावरचा सदरा एकाचा आणि धोतर दुसऱ्याचे. दोन्ही तिच्या मापाचे नाहीत, आणि बसत नाही म्हणून दोष मात्र बोलणाऱ्याच्या अंगाला दिला जातो.

ऱ्हस्व-दीर्घाचे पाहा. ‘फूल’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व. ‘विहीर’ दीर्घ आणि ‘मंदिर’ ऱ्हस्व. कानाला फरक कळतो का? नाही. फरक इतकाच की ‘गुण’ आणि ‘मंदिर’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून त्यांना सूट आहे. बाकीच्यांना नियम लागू. शब्द कसा लिहायचा हे ठरवायला आधी त्याचे कूळ विचारावे लागते! ज्याच्या घरात चार पिढ्या संस्कृत आहे त्याला हे कूळ आपोआप कळते. ज्याला वर्गाच्या दारातून परत पाठवले, त्याच्या नातवाने ते पाठ करायचे आणि चुकला की मार्क गमवायचे.

आणि आता ते ‘पानी’. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. पालीतही ‘पानीय’, तिथेही ‘न’. हिंदीत ‘पानी’. प्राकृताच्या वळणाने मराठीत ‘न’चा ‘ण’ झाला आणि ‘पाणी’ आले. ‘मानुष’चा ‘माणूस’ झाला तोही असाच. म्हणजे शुद्धतेचे माप मूळ शब्दाशी जवळीक हे असेल, तर वऱ्हाडातली आमची पोर बाईंपेक्षा शुद्ध बोलत होती. मूळ रूप हे माप नसेल आणि बदललेले रूपही शुद्ध असेल, तर ‘मला’ बरोबर आणि वऱ्हाडीतले ‘मले’, मालवणीतले ‘माका’ चूक कसे? माप कोणतेही लावा, ‘अशुद्ध’ या शब्दाला भाषेच्या इतिहासात आधार मिळत नाही. आधार मिळतो तो एकाच ठिकाणी. कोण बोलते आहे, यात.

महात्मा फुल्यांच्या बाबतीत हेच झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीरावांच्या लिखाणाची खिल्ली उडवली ती भाषेवरून आणि व्याकरणावरून. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री हे स्वतः मराठी व्याकरणावर निबंध लिहिणारे. घरात व्याकरण नांदत होते. जोतीराव विचारत होते की शेतकऱ्याच्या पैशातून चाललेल्या शाळेत शेतकऱ्याचा पोर का नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून क्रियापद तपासले गेले. हे तंत्र आजही चालू आहे. आपल्या पोराने आरक्षणावर मुद्देसूद पोस्ट लिहिली की खाली पहिली कमेंट येते, ‘आधी शुद्धलेखन सुधारा’.

पण इतिहास एकाच रंगाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. ज्या दादोबांनी व्याकरण लिहिले, ते जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी होते. सभा गुप्त होती, सभासदांना समाजाची भीती होती, आणि गुप्तता फुटताच ती मोडली. त्यांच्यात आणि उघडपणे शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीमाईंत हा फरक राहिलाच. तरी व्याकरण लिहिणारा प्रत्येक जण आपला वैरी, असे म्हणणे खोटे ठरेल. गोव्याचे धर्मानंद कोसंबी घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका फिरले, तिथे पाली शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ती शिकवली. बुद्धाची भाषा महाराष्ट्राच्या वर्गात आणणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावेच लागते.

आणि मुक्ता साळवे. मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेली मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या मुलीला कुणी आधी आठ जाती पाठ करायला लावून मग तोंड उघडू दिले असते, तर तो निबंध झाला असता का? तिला आधी सांगण्यासारखे काही आहे हे मानले गेले, मग लिहायला शिकवले गेले. अभ्यासक्रम ठरवताना हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

याच्याही मागे जायचे तर थेट तथागतांकडे जावे लागते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तक्रार घेऊन येतात की नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक संघात आले आहेत आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते छंदात बांधावे. तथागत त्यांना फटकारतात आणि वचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा देतात. पुढे बुद्धघोषाने ‘स्वतःची बोली’ म्हणजे बुद्धाची मागधी, असा अर्थ लावला. तो अर्थ घेतला तरी छंदाला नकार कायम राहतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तक्रार आणि आमच्या पोरीच्या बाईंची तक्रार यांत काही फरक दिसतो का?

मग त्या मायला आम्ही काय सांगितले? भांडण मिटल्यावर ठरले ते असे.

पहिले सहा महिने छापील व्याकरण नाही. एक कोरी वही. पोरीने आजीचे, मायचे, बाजारातले बोलणे जसेच्या तसे लिहायचे आणि त्यातून नियम शोधायचे. ‘मले, तुले, त्याले’ लिहिले की तिचे तिलाच कळते की ‘ले’ हा प्रत्यय आहे. तिच्या बोलीला नियम आहेत, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे.

दुसरे, परीक्षेसाठी शालेय व्याकरणाचे एक बारीक पुस्तक. यात हयगय नाही. दहावीचा पेपर तपासणारा आपला इतिहास वाचून मार्क देणार नाही. प्रमाण मराठी ही कोर्टाची, कचेरीची, अर्जाची भाषा आहे, ती तिला बाईंच्या पोरांइतकीच यायला हवी. शुद्धलेखन हा कावा आहे असे भाषणात सांगायचे आणि स्वतःचे पोर महागड्या इंग्रजी शाळेत घालायचे, असे आपल्यातही काही जण करतात. वस्तीतल्या पोरांना निहत्थे ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला मान्य नाही. फक्त नियम सांगताना तो कुणी, कधी केला हेही सांगायचे. नियम माणसांनी केला आहे हे कळले की त्याची भीती जाते.

तिसरे, पाली. आपल्या पोरांना त्रिसरण-पंचशील पाठ असते, म्हणजे अर्धे काम झालेलेच असते. ‘गच्छामि’तला ‘मि’ प्रथम पुरुषाचा, ‘सरणं’ ही द्वितीया, हे वंदनेनंतर पाच मिनिटांत सांगता येते. संस्कृताचे द्विवचन पालीत नाही, मराठीतही नाही. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. सप्त, सत्त, सात. ही शिडी दिसली की ‘बिघडलेला शब्द’ ही कल्पनाच गळून पडते. पुढे तिला संस्कृत शिकावेसे वाटले तर तेही शिकावे. बाबासाहेबांना जे दार बंद केले होते, ते आपण आपल्या हाताने लावून घ्यायचे कारण नाही.

आता वर्ष होत आले. वही दोनदा भरली. मागच्या महिन्यात पोरीने अभ्यासिकेत फळ्यावर ‘पानीय, पानी, पाणी’ असे तीन शब्द लिहिले आणि आमच्याच एका पदवीधर कार्यकर्त्याला विचारले, “यातला चूक कोनता, सांगा.” त्याला सांगता आले नाही.

आपापल्या वस्तीत अशी किती पोरं बोलीपायी शाळेतून उठली आहेत, याची नोंद करा. त्यांच्या हातात आधी कोरी वही द्या, मग पुस्तक द्या. रामजींकडे एक खोली आणि एक दिवा होता. आपल्याकडे त्याहून जास्त आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!