साहेबाच्या लग्नाचा मुहूर्त

मंडळी, साहेबाच्या लग्नालाही मुहूर्त असायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला ते एका फजितीमुळे कळलं.

एमएससीसाठी इंग्लंडला आलो आणि इथलाच झालो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आलं. त्यात पोशाख लिहिला होता 'मॉर्निंग ड्रेस'. कपाटात डिनर जॅकेट होतं. तेच चढवून, बो टाय लावून भर दुपारी चर्चमध्ये हजर! कोणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

मग वाचत गेलो. इंग्लंडमध्ये १८८६ पर्यंत बहुतेक लग्नं कायद्यानं सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळात लावावी लागत. त्या वर्षी ही मुदत तीन वाजेपर्यंत वाढली. म्हणजे लग्न दिवसाचं, म्हणून नवरदेवाचे कपडेही दिवसाचेच. संध्याकाळचा पोशाख तिथे चालत नसे. माझं डिनर जॅकेट तर मुळात घरगुती जेवणाचा कोट!

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले नवरदेव हौशी होते. गुडघ्यापर्यंत घेर असलेला निळा किंवा गडद तांबडा फ्रॉक कोट, आत पांढरं वेस्टकोट, खाली फिकट विजार. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाशी लग्न करताना अल्बर्टनं मात्र फील्ड मार्शलचा गणवेश घातला होता. पुढे रंग मागे पडले, काळा फ्रॉक कोट रूढ झाला. शतक सरता सरता मॉर्निंग कोट आला. त्याच्या पुढच्या कडा तिरक्या कापलेल्या, कारण मूळचा तो घोड्यावर बसायचा कोट. नवरदेव घोड्यावरून उतरला, कोट मात्र राहिला!

यंदा माझ्या भाचीचं लग्न इथल्याच एका इंग्रज मुलाशी ठरलंय. मुहूर्त अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा. परवा मुलाच्या वडिलांचा फोन आला. "मी काय घालू? काही चुकायला नको." त्यांच्या आवाजात मला माझी ती दुपार ऐकू आली.

त्यांना १८८६ ची गोष्ट सांगितली. त्यांनाही ती नवीन होती. म्हटलं, "तुमच्या पणजोबांच्याच वेळेत लग्न लागतंय, मॉर्निंग कोट खुशाल घाला. फक्त मांडवात जोडे काढावे लागतील, तेव्हा मोजे तेवढे न फाटलेले बघा."

मला हे त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.